नदीचे नाव

(खटाव तालुक्यातील एका गावी आजोबांच्या पुण्यतिथीनिमित्त त्यांच्या नातवाने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आबांविषयी बोलायला उभे राहताना संकोच वाटतो. ते स्वतः फारच थोडे बोलत. आणि मी त्यांना एकदा जे बोललो, ते शब्द परत घेण्याचे मला साधले नाही. ती गोष्टही आज सांगणार आहे.

१९४१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आबा बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. त्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन करीत होते. ते आबांच्या कानी पडले होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण ते खरे नाही. जमीन कोरडवाहू, घरात खाणारी अकरा माणसे आणि पलटणीत महिन्याच्या महिन्याला पगार, एवढेच त्यामागे होते. युद्धाच्या अखेरीस हिंदी सेना सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. त्यांतल्या पुष्कळांची हकिकत याहून फारशी वेगळी नसावी.

आबा ज्या पहिल्या पलटणीत होते, तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. १९४३च्या सप्टेंबरात आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ती इटलीत उतरली. पुढची दोन वर्षे नद्या ओलांडण्यात गेली. प्रत्येक नदीच्या पलीकडे जर्मन सेना दबा धरून बसलेली. आबा सांगायचे ते लढाईचे नव्हे, तर चिखलाचे आणि थंडीचे. “रात्री बूट काढला की पहाटे पायात जायचा नाही,” म्हणायचे.

सर्वांत कमी बोलायचे ते एका नदीविषयी. तिचे नाव सेनिओ. ९ एप्रिल १९४५. दुपारभर विमानांनी आणि तोफांनी पलीकडचा तीर भाजून काढला आणि संध्याकाळी पलटण पाण्यात उतरली. नदी आपल्या येरळेपेक्षा मोठी नाही, असे आबा म्हणत. पण तिचे दोन्ही काठ धरणाच्या भिंतीसारखे उंच बांधलेले, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मोर्चे खोदलेले. त्या दिवशी याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी आपल्या दोन जखमी माणसांना एकामागून एक पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले. मग ते एकटे मागे फिरले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबाँब घेतले. तीन मशीनगन त्यांनी गप्प केल्या आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनी तो जयजयकार ऐकला होता, एवढेच ते सांगत. राजा इंग्लंडचा आणि जयजयकार रायगडच्या राजाचा, याचे नवल आम्हाला वाटायचे. त्यांना कधी वाटले नाही.

आता इकडची गोष्ट. आबा परमुलखात असताना, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्या मोर्चात आबांचे थोरले चुलतभाऊ, आमचे तात्या, होते. ते बचावले आणि भूमिगत झाले. पुढे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा तात्या त्यात होते. एका घरातला एक भाऊ सरकारच्या पलटणीत आणि दुसऱ्याच्या मागे त्याच सरकारचे पोलीस. पत्रे तपासून जात असल्यामुळे आबांना यातले काहीच कळले नाही. १९४६ साली घरी परतल्यावर कळले.

मी सोळा वर्षांचा होतो. १९८६ सालचा स्वातंत्र्यदिन. झेंडावंदन करून, भाषणे ऐकून, छाती फुगवून मी घरी आलो. ओट्यावर आबा आणि तात्या चहा घेत होते. मी आबांना म्हणालो, “देशासाठी लढले ते तात्या. तुम्ही तर इंग्रजांची चाकरी केलीत.”

आबांनी कप खाली ठेवला, उठले आणि गोठ्यात बैलांना वैरण टाकायला गेले.

बोलले ते तात्या. “चार वर्षं मी रानोमाळ फिरत होतो. माझी पोरं जगली ती कशावर? त्याच्या मनिऑर्डरीवर. इंग्रजाच्या पगारातनं मी इंग्रजाशी लढलो. आता मला काय म्हणशील ते म्हण.”

मी आबांची क्षमा मागितली नाही. आधी लाज वाटली, मग वेळ निघून गेली. आबांचे वागणे तसूभरही बदलले नाही. सायकल घ्यायला पैसे त्यांनीच दिले. त्यामुळे बोलणे अधिकच अवघड होत गेले.

दरवर्षी ९ सप्टेंबरला ते तात्यांबरोबर वडूजला हुतात्म्यांना वंदन करायला जात आणि गर्दीत मागे उभे राहत. त्यांचा ‘इटली स्टार’ ट्रंकेत, तात्यांच्या ताम्रपटाशेजारी असे. पदक का लावत नाही, असे आजीने विचारले तर म्हणत, “आज त्यांचा दिवस हाय.” आणि ९ एप्रिलला संध्याकाळी ते येरळेच्या कोरड्या पात्रात जाऊन बसत. तात्याही सोबत जात. तिथे दोघे काय बोलत, कोण जाणे. बहुधा काहीच नाही.

इटलीत पाच हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिक पडले. फोर्लीच्या स्मारकावर, ज्यांचे तिथे दहन झाले अशा सुमारे आठशे जणांची नावे कोरली आहेत. आबांच्या सोबत्यांपैकी कोणाची नावे त्यात असतील, हे विचारायचे मला त्यांच्या हयातीत सुचले नाही.

१९९८च्या फेब्रुवारीत आबा गेले. त्या वर्षी ९ एप्रिलला तात्यांनी मला निरोप धाडला. ऐंशीचे झाले होते; माझ्या खांद्यावर हात ठेवून नदीपर्यंत चालत आले. वाळूत बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या तिकडच्या नदीचं नाव काय रं?”

मी म्हणालो, “सेनिओ.”

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले.