कुपोषित देशातील स्थूलता



भारतातील पोषणाची चर्चा दीर्घकाळ भूक या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली आणि ते स्वाभाविकही होते. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ३५.५ टक्के स्त्रिया कृश आढळल्या होत्या. प्रमाणाबाहेर वजन असलेल्या स्त्रिया १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणापर्यंत चित्र पालटले. कृश स्त्रियांचे प्रमाण १८.७ टक्क्यांवर आले, तर अतिवजनी वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्येही अतिवजनाचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांपर्यंत वाढले.

या आकड्यांचा सरळ अर्थ असा लावला जातो, की टंचाई ओसरली, सुबत्ता आली आणि सुबत्तेबरोबर तिचे आजारही आले. वैद्यकीय संशोधनाच्या कसोटीवर हा अर्थ अपुरा ठरतो. आपल्याकडील स्थूलतेची पाळेमुळे बऱ्याच अंशी कुपोषणातच आहेत.

वजनकाट्याला न दिसणारी चरबी

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की देहभार निर्देशांक मिळतो. स्थूलतेचे हे प्रचलित माप. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते.

या फरकाचे मूळ जन्माच्याही आधी सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. भारतीय बालकांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये लहान होती, परंतु त्या मानाने त्वचेखालील चरबी टिकून होती. गर्भाला पोषण अपुरे पडले, की शरीर मेंदूला आणि चरबीच्या साठ्याला झुकते माप देते. काटकसर होते ती स्नायू व इतर इंद्रियांच्या वाढीत. असे बालक मोठेपणी भरपूर अन्नाच्या आणि बैठ्या कामाच्या जगात आले, की जादा ऊर्जा पोटात, यकृताभोवती साठते. ही चरबी इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांना वाट करून देते.

म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह होता, तर ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाची स्थूलता आढळली.

दोष केवळ जिभेचा नव्हे

स्थूल व्यक्तीला असंयमी ठरवणे सोपे असते. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि वजनाचे नियमन मेंदू करतो, हे स्पष्ट झाले. वजन घटू लागले, की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. अमेरिकेत २०१९ मध्ये २० व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात, अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळत असताना त्यांनी दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या; प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या आहारांत पुढ्यात ठेवलेली साखर, चरबी व तंतू यांचे प्रमाण सारखेच होते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. सार्वजनिक वितरण व्यवस्था सुमारे ८० कोटी लोकांना धान्य पुरवते आणि उपासमार टाळण्यात तिचा वाटा मोठा आहे. परंतु तिचा भर तांदूळ व गव्हावर आहे; डाळी, अंडी, फळे आणि भाज्या कुटुंबाला बाजारभावानेच घ्याव्या लागतात. सप्टेंबर २०२५ च्या वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत साखरयुक्त शीतपेये ४० टक्क्यांच्या दरात राहिली. त्याच वेळी बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम व नमकीन यांवरील कर ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा देण्याचा हेतू रास्त आहे, तथापि किमती आहार घडवतात, याचाही विचार करधोरणात व्हायला हवा.

उपचार आणि त्यांची किंमत

चेन्नईतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की आहार व व्यायामातील माफक बदलाने मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींना मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटते. औषधोपचारातही मोठी झेप घेतली गेली. २०२१ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. मात्र उपचार थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आले. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे हा दीर्घकाळचा खर्च आहे. या औषधाच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी उत्पादनामुळे किंमत उतरणे अपेक्षितच होते. आजारी व्यक्तीला स्वस्त औषध मिळणे न्याय्यच आहे, पण पुढच्या पिढीची जन्मावेळची शरीररचना औषधाने बदलत नाही.

ज्या देशात मुलांची वाढ खुंटते, त्याने स्थूलतेवर पैसा का खर्च करावा, असा आक्षेप घेतला जातो. पुण्याच्या संशोधनाचे उत्तर असे, की खुरटलेले बालक आणि चाळिशीतील मधुमेही ही अनेकदा एकाच आयुष्याची दोन टोके असतात. त्यामुळे या दोन खर्चांत स्पर्धा नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५,००० रुपये गर्भधारणेनंतर मिळू लागतात, पण गर्भाच्या इंद्रियांची जडणघडण त्याआधीच सुरू झालेली असते. पोषणाचे कार्यक्रम किशोरवयीन मुलींपर्यंत आणि धान्यापलीकडे डाळी, दूध व अंडी यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी आशा सेविका जो तक्ता भरतात, त्यात कंबरेच्या घेराची नोंद आहेच. ती नोंद कागदावर न राहता आहारसल्ला आणि रक्ततपासणीपर्यंत गेली, तर काही रुपयांच्या मोजपट्टीने पुढचा हजारोंचा औषधखर्च टळू शकेल. ही गुंतवणूक आज केली नाही, तर तिची किंमत रुग्णालयाच्या बिलातून सर्वप्रथम गरीब कुटुंबेच मोजतील.