सुट्टी मुलांची, दमछाक आपली

राज्य मंडळाच्या शाळांना मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, ती १५ जूनच्या आसपास संपते. विदर्भात उन्हामुळे अजून उशिरा. म्हणजे सहा आठवडे. माझी वर्षाची रजा १८ दिवस!

परवा मीटिंगमध्ये लेक तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, खेळूया ना." मी खेकसलो. माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं, त्याचं काही नाही. पण ती गुपचूप कोपऱ्यात चित्र रंगवत बसली, ते लागलं मनाला.

आपल्या लहानपणी आजोळी आजी, मामी, मावश्या मिळून सांभाळायच्या. इथे आम्ही दोघंच. आता सकाळ माझी, दुपार बायकोची. मीटिंगाही तशाच लावतो. थकवा आहेच, पण खेकसणं कमी झालंय.

तुम्ही कसं निभावताय? नक्की कळवा.