आधी सातबारा, मग मृत्युपत्र



मृत्युपत्राचं नाव काढलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं हसतात. "आम्ही काय मोठे शेठ लागून गेलो? चार कलमं आणि एक कौलारू घर." पण त्या चार कलमांचा सातबारा कधी नीट वाचलाय? भोगवटादारांत पणजोबा, खाली त्यांचे भाऊ, कुणाची विधवा, परळच्या गिरणीत गेलेला कुणी चुलता. निम्मी माणसं केव्हाच गेली, कागदावर मात्र अजून नांदतायत.

म्हणून मृत्युपत्र कसं करायचं असं कुणी विचारलं, की मी आधी सातबारा मागतो. मृत्युपत्रानं माणूस स्वतःचं तेवढंच देऊ शकतो. जमीन सामाईक असेल तर त्याचा असतो फक्त न वाटलेला हिस्सा. "विहिरीजवळची बाग धाकट्याला" असं त्यानं झोकात लिहिलं, तरी वाटपात ती बाग त्याच्याच वाट्याला येईल हे ठरवलंय कुणी? हिश्श्यापुरतं मृत्युपत्र आजही करता येतं, जरूर करावं. पण नेमकी बाग नेमक्या माणसाला द्यायची तर आधी वारसनोंद, मग वाटप, मग मृत्युपत्र.

वारसनोंदीला फार काही लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि तलाठ्याकडे अर्ज. जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणे हे तीन महिन्यांत कळवायचं असतं. आपण तीन पिढ्या थांबतो. नोटिसा निघतात, हरकत नसली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मात्र फेरफार ही महसुलापुरती नोंद. मालकी तिच्यातून जन्मत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय.

शेतजमिनीचं वाटप ८५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडून होतं, सगळ्यांचं एकमत असेल तर. आणि घोडं तिथंच पेंड खातं. एक चुलतभाऊ डोंबिवलीत, दुसरा सुरतेला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. गणपतीत मात्र सगळे एका घरात असतात. कागद तेव्हाच काढावेत, आरतीनंतर पत्ते कुटायला बसण्याआधी.

न काढल्याची किंमत आपण मोजतोच आहोत. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणात आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. पण सामाईक जमिनीला बाकीच्या खातेदारांची संमतिपत्रं लागत. ती न मिळालेल्यांचा डोंगर तसाच राहिला. महामार्गात जमीन गेली आणि मोबदल्याच्या वाट्यावरून वाद झाला, तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं, आणि पैसे तोवर अडकतात.

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर त्याच्या मिळकतीत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. आईलाही वाटा, हे ऐकून पुष्कळजण चमकतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, केंद्रानं २००५ मध्ये. त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही तेराव्याच्या पंगतीनंतर बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं. मला ही रीत हिडीस वाटते. तिला सोडायचं असेल तर ती सोडील, पण डोळे पुसत असताना सही घेऊ नये.

अपत्य नसलेल्या विधवेनं तर मृत्युपत्राला उशीरच करू नये. तिनं नोकरी करून घेतलेला फ्लॅटसुद्धा मृत्युपत्राअभावी आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर.

"बँकेत नॉमिनी लावलाय की," असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर आपल्या कोकणातले, मालवणचे. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, आणि त्यांच्या म्युच्युअल फंडांना नॉमिनीही होते. २०१३ मध्ये ते गेले. मग हा पैसा नॉमिनीचा की वारसांचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला : नॉमिनी झाल्यानं मालकी मिळत नाही, वारसाहक्क आपल्या वाटेनंच चालतो. इतक्या नीटनेटक्या माणसाच्या मागेही दहा वर्षं गेली.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे करणाऱ्याची सही आणि निदान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार आपल्याहून तरुण पाहावेत, कारण पुढे कोर्टात एकाला तरी उभं राहावं लागतं; आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. रत्नागिरीच्या राजिवडा-मिरकरवाड्यातल्या मुस्लिम श्रोत्यांसाठी नियम वेगळा : वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशापर्यंतच देता येतं.

नोंदणीची सक्ती नाही, तरी ती करावी असं माझं मत. घरात कागद ठेवायची भीती वाटत असेल, तर सीलबंद लखोट्यात तो जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतो. मन बदललं तर आपल्याला तो परत घेता येतो. आपल्या पश्चात मात्र कुणी अर्ज केल्यावरच तो उघडतात. तेव्हा तो तिथं ठेवलाय, एवढं तरी घरात एकाला सांगून ठेवा.