शंटची तीन माणसं

आपल्या मेंदूत एक पातळ द्रव सारखा तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. तान्ह्या मुलात त्याची वाट अडली की टाळू फुगते, डोकं वाढू लागतं. घरची माणसं म्हणतात, ‘डोक्यात पाणी झालंय.’ मुलांचे न्यूरोसर्जन मग बारीक नळी, म्हणजे शंट, घालून हे पाणी बहुधा पोटात उतरवतात. आईवडिलांना वाटतं, सुटलो. पण शंट तुंबतो, आणि पुन्हा त्याच ओपीडीच्या बाकावर येऊन बसावं लागतं, कधी कधी वर्षानुवर्षं.

1960 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला एका टॅक्सीनं बाबागाडीला धडक दिली. आत चार महिन्यांचा थिओ, लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा. त्या मारानं त्याच्याही डोक्यात पाणी साठू लागलं, शंट घालावा लागला. पण त्या शंटमधली झडप वरचेवर तुंबे. (ती झडपही एका बापानंच, जॉन होल्टर नावाच्या अमेरिकन कारागिरानं, स्वतःच्या मुलासाठी घडवली होती.) डाल यांना खेळण्यातल्या विमानांचा नाद. त्या विमानांच्या इंजिनांचे चिमुकले पंप बनवणारे स्टॅन्ली वेड त्यांच्या ओळखीचे. डाल यांनी वेडना गाठलं आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले सर्जन केनेथ टिल यांच्याशी गाठ घालून दिली. तिघांची झडप 1962 मध्ये वापरात आली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. तिघांनी तिच्यावर नफा घेतला नाही.

मला कौतुक वाटतं ते टिल यांचं. लेखक आणि कारागीर समोर बसलेत, आणि सर्जन त्यांना आपली अडचण समजावून सांगतोय! ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणणं किती सोपं होतं.

आज आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा स्वस्त छाब्रा शंट मिळतो. तो आफ्रिकेतही वापरला जातो. तुंबण्याची भीती मात्र कोणत्याही शंटला आहेच. उलट्या, डोकेदुखी, गुंगी दिसली की वाट पाहू नये. कधी स्कॅनमध्ये फारसा फरक दिसत नाही, पण आई म्हणते, ‘आज हा नेहमीसारखा नाही.’ जाणता सर्जन तेव्हा विचारतो, ‘मागच्या वेळी शंट बंद पडला, तेव्हा असाच होता का?’ या प्रश्नाचं उत्तर फक्त घरच्यांकडे असतं. म्हणून मूल ठणठणीत असतानाचा स्कॅन, शंटचं नाव आणि ऑपरेशनची तारीख एका फाईलमध्ये ठेवा, आणि गावाला जाताना ती फाईल सोबत घ्या.