कैद्याचं उपोषण आणि डॉक्टरांचा धर्म

१९२९ साली लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास उपोषणाला बसले. राजकीय कैद्यांना माणसासारखी वागणूक मिळावी, ही मागणी. त्यांना दाबून धरून नाकातून नळी घातली गेली. दूध फुप्फुसात उतरलं. तेरा सप्टेंबरला, उपोषणाच्या ६३व्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला. वय अवघं २४.

अशा वेळी डॉक्टरांनी काय करावं? जागतिक वैद्यकीय संघटनेची १९९१ची माल्टा घोषणा स्पष्ट आहे: परिणाम समजून, स्वेच्छेने अन्न नाकारणाऱ्याला बळजबरीने भरवू नये. डॉक्टरांनी त्याच्याशी एकांतात बोलावं, त्याच्यावर कुणाचा दबाव नाही ना, हे पाहावं. शुद्ध हरपल्यावर काय करायचं, हेही आधीच विचारून ठेवावं. त्याने अन्न नाकारलं, तरी डॉक्टरांनी त्याची काळजी घेणं थांबवू नये.