विद्यार्थी आणि संशोधनाची आखणी

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशास थोड्याच अंतरावर विष्णुपुरी लागते. गोदावरीच्या काठचे हे गाव. काळेश्वराचे देवालय येथे आहे. नांदेड शहराची तहान भागविणारा जलाशय येथे आहे. १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था येथे आहे. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी अस्तित्वात आलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही येथेच आहे. ज्या परिसरात मोठमोठ्या विषयांवर प्रबंध लिहिले जातात, त्याच परिसरातील शाळेत नववीच्या वर्गात जाऊन ‘संशोधन म्हणजे काय?’ असे विचारले, तर मुले बहुधा विद्यापीठाच्या इमारतीकडे बोट दाखवतील. संशोधन ही पदवीधरांनी करावयाची गोष्ट, आपण तिचे निष्कर्ष तेवढे पाठ करावयाचे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत दूर करणे शक्य आहे काय, आणि असल्यास शिक्षकाने व पालकांनी कोणत्या मार्गाने जावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठवाड्याने एका बाबतीत साऱ्या महाराष्ट्रात नाव मिळविले आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आज घरोघरी ठाऊक आहे. नेमका अभ्यास, वारंवार सराव आणि चुकांची कसून तपासणी यांच्या बळावर खेड्यापाड्यांतील मुले वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली. या परिश्रमांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या शिक्षणात प्रश्न नेहमी दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याचे उत्तर कोठेतरी आधीच लिहून ठेवलेले असते. संशोधनात या दोन्ही सोयी नाहीत. प्रश्न आपला आपणच काढावा लागतो; आणि उत्तर कोणापाशीच नसते, म्हणून तर शोध घ्यावयाचा.

याची सोय शालेय जीवनात मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी असाच मार्ग आखला: आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा, लहान गटाने त्याचा शोध घ्यावा आणि आपल्या भाषेत तो मांडावा. हेतू उत्तम, परंतु शाळाशाळांतून भरणाऱ्या प्रदर्शनांत पुष्कळदा निराळेच दृश्य दिसते. थर्माकोलचे धरण, रंगीत पाणी फेसाळत ओकणारा ज्वालामुखी, ‘पाणी वाचवा’ अशी सुबक अक्षरे! यांतील काही वस्तू वडील भावाने रात्र जागून केलेल्या असतात, तर काही बाजारातून तयार आणलेल्या असतात. त्यांत कौशल्य असेल, शोध मात्र नसतो. कारण त्या करणाऱ्यास शेवट काय होणार हे आरंभीच ठाऊक असते. ज्या कामाचा शेवट आपल्या अपेक्षेविरुद्ध होऊ शकतो, तेच संशोधन. अशा शेवटाला वाट मोकळी ठेवणे, हेच आखणीचे मुख्य काम होय.

हे तत्त्व मुलांना व्याख्यानाने पटत नाही, उदाहरणाने पटते. आणि उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०२० सालच्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन पेरूनही उगवले नाही, अशा हजारो तक्रारी झाल्या. तेव्हा किती घरांतून वाद झाले असतील! शेतकरी म्हणे, बियाणे खोटे. दुकानदार म्हणे, पुरेशी ओल नसताना पेरणी केली. कृषिसहायक म्हणे, बी फार खोल गेले. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोती आदळली तरी आतील अंकुराला इजा होते. सोयाबीन उगवताना आपली दोन्ही दले डोक्यावर घेऊन माती फोडून वर येते. बी फार खोल पडले, किंवा वरची माती पापुद्र्यासारखी घट्ट झाली, तर हे ओझे त्याला पेलत नाही. ओल अपुरी असेल तर दाणा फुगतो, पण पुढे सरकत नाही. यांपैकी खरे कारण कोणते, हे वाद घालून ठरत नाही. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष घडलेला असतो. संशोधनाच्या पहिल्या धड्यास याहून चांगला विषय कोणता?

शिक्षकाने प्रथम मुलांना प्रश्न लिहावयास सांगावा. ‘सोयाबीन का उगवत नाही?’ असे एखादा विद्यार्थी लिहील. हा प्रश्न वाईट नाही, पण फार मोठा आहे. एका वर्गाला एका महिन्यात तो पेलणार नाही. तो कापीत कापीत लहान करावा. अखेरीस तो असा होईल: ‘एकाच पोत्यातील बी ३ सेंटीमीटर आणि ६ सेंटीमीटर खोलीवर पेरले, तर दहा दिवसांत उगवणाऱ्या रोपांच्या संख्येत फरक पडतो काय?’ या वाक्यातील प्रत्येक शब्द काहीतरी निश्चित करतो: बी कोणते, खोली किती, मोजावयाचे काय आणि केव्हा. मोठ्या प्रश्नाचे असे तुकडे पाडता येणे, ही या विद्येतील पहिली इयत्ता.

यानंतर अपेक्षा लिहून ठेवावी, आणि तिच्याच खाली दुसरी ओळ लिहावी: ‘काय दिसले म्हणजे आमची अपेक्षा चुकली असे आम्ही मान्य करू?’ ही दुसरी ओळ मुलांना फार जड जाते. परंतु ती पेरणीपूर्वीच लिहिली पाहिजे. रोपे वर आल्यावर नियम ठरविणारा मनुष्य सामना संपल्यावर यष्ट्या रोवणाऱ्या खेळाडूसारखा होय.

तिसरी गोष्ट तुलनेची. १७४७ साली सॅलिसबरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाचा शल्यवैद्य होता. रक्तपिती या रोगाने खलाशी हैराण झाले होते. लिंडने शक्य तितके सारख्या अवस्थेतील बारा रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवले, एकच अन्न दिले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. बाकी सारे समान ठेवून एकच गोष्ट बदलावी, हा धडा विद्यार्थ्याने येथून घ्यावा. कुंडीचा आकार, माती, पाणी, ऊन ही सारी सारखी. फरक केवळ खोलीचा. ६ सेंटीमीटरच्या कुंड्या छायेत आणि ३ सेंटीमीटरच्या उन्हात राहिल्या, तर हाती येणारे उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

चौथी गोष्ट नमुन्याची. आणि तेथे एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण होणे अगत्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रूढ केली. त्यापूर्वी पीक किती आणे आले, हे मुख्यतः नजरेने ठरविण्याची आणेवारीची पद्धत होती. सुखात्मे यांच्या पद्धतीत शेते आणि शेतातील तुकडे यदृच्छेने, म्हणजे माणसाच्या आवडीनिवडीला वाव न ठेवता, निवडले जात आणि तेवढ्याच तुकड्यातील पीक कापून तोलले जाई. त्यातही एक सूक्ष्म दोष त्यांनी दाखविला. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसते, कारण सीमेवरील ताटे आत धरण्याकडे माणसाचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. यासंबंधीचा त्यांचा लेख १९४६ साली ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकात आला. कापणाऱ्याच्या मनात लबाडी नव्हती. तरीही आकडा फुगत होता. विद्यार्थ्याचेही असेच होते. पोत्यात हात घातला की बोटे टपोऱ्या दाण्यांकडे वळतात. म्हणून पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठ मूठ बी घ्यावे, ते एकत्र कालवावे आणि न निवडता सरळ मोजीत जावे.

पाचवी गोष्ट संख्येची. लिंडच्या जोडीत दोनच माणसे होती. ती योगायोगानेच बरी झाली नसतील कशावरून? ही शंका एखाद्या मुलीने काढली, तर शिक्षकाने त्या दिवशी आपल्या श्रमांचे चीज झाले असे समजावे. तिचे समाधान एका रुपयाच्या नाण्याने करता येते. प्रत्येक मुलाने घरी नाणे शंभर वेळा उडवून छापे मोजून आणावेत. नेमके ५० फार थोड्यांचे येतील. कोणाचे ४६, कोणाचे ५५; बहुतेकांचे ४० ते ६० यांच्या दरम्यान. नाणे तेच, तरी आकडे निराळे! हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की १०० पैकी ७२ आणि ६७ या दोन आकड्यांवरून मोठा सिद्धांत उभारण्याचा मोह आपोआप आवरतो. ७२ आणि ३१ असा फरक पडला, तर गोष्ट वेगळी. म्हणून प्रत्येक खोलीसाठी १०० दाणे घ्यावेत, आणि तेही एकाच कुंडीत न पेरता चार कुंड्यांत २५-२५ पेरावेत. एका कुंडीचे छिद्र बुजले आणि पाणी साचले, तर तो कुंडीचा दोष खोलीच्या माथी बसू नये. कोणत्या कुंडीत कोणती खोली आणि कोणती कुंडी कोठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

शेवटची गोष्ट मोजणीची. ‘उगवले’ म्हणजे काय? मातीला भेग पडली म्हणजे, की दोन्ही दले उघडली म्हणजे? तेही आधीच लिहावे. पेरणारा व मोजणारा भिन्न असावा. कुंड्यांवर केवळ क्रमांक घालावेत आणि खोलीची यादी शिक्षकाने पाकिटात बंद करून ठेवावी. मोजणाऱ्याला आपण कोणत्या बाजूची रोपे मोजीत आहोत हे ठाऊक नसले, म्हणजे अर्धवट उगवलेल्या रोपाविषयी त्याचा निर्णय निःपक्षपाती राहतो.

येथे कोणी म्हणेल, ‘कुंडीतील उत्तर शेताला लागू पडेल काय?’ पुरतेपणी पडणार नाही. आणि ही मर्यादा मुलांनी आपल्या वहीत स्वच्छ शब्दांत लिहावी. त्यांनी खोलीचा परिणाम पाहिला, ओलीचा नाही. पण त्याच बियाण्याची घरगुती उगवण चाचणी त्यांना जोडीला करता येईल. कृषिखात्याने सांगितलेली ही रीत साधी आहे: १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि आठवडाभराने अंकुरलेले दाणे मोजावेत. सोयाबीनसाठी ७० टक्के उगवण ही किमान समजली जाते. गोणपाटात ८० उगवले आणि खोल कुंडीत ४०, तर घरातील वादाला प्रथमच काही आधार मिळाला, असे म्हणता येईल. गोणपाटातच ४० उगवले, तर शेतकऱ्याच्या तक्रारीला बळ येते. दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी आहे, यातच या आखणीचा प्रामाणिकपणा आहे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांना येथे एक विनंती करणे प्राप्त आहे. त्यांच्या मुलांच्या घरी पोते नसेल, पण नळ आहे, गच्चीवरील टाकी आहे, विजेचे देयक आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर आले. एका घराला दिवसाला खरोखर किती पाणी लागते, हे त्या दिवसांत किती जणांनी मोजून पाहिले असेल? मुलाने ते मोजावयास घेतले, तर पालकांनी बादली मोजू द्यावी. त्याच्यासाठी आकडे लिहून देऊ नयेत. शेजाऱ्यांकडे जावयाचे असेल, तर त्यांची संमती आधी घ्यावी, आणि ‘तुम्ही पाणी वाया घालवत नाही ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, एवढे मात्र जरूर सांगावे.

खरी कसोटी मात्र विद्यार्थ्याची नसून गुण देणाऱ्याची आहे. समजा, एका मुलीने अपेक्षा लिहिली की खोल पेरलेले बी निश्चित कमी उगवेल. दहाव्या दिवशी पाकीट उघडले आणि फरक नगण्य निघाला. तिने वहीत लिहिले: ‘आमची अपेक्षा चुकली. माती भुसभुशीत होती, हे कारण असू शकेल; ते पुढच्या वेळी तपासावे लागेल.’ शेजारच्या मुलाने आकडे हवे तसे वळवून पुस्तकातील निष्कर्ष मांडला आणि भोवती रंगीत चित्रे काढली. परीक्षकाने या मुलाला बक्षीस दिले, तर साऱ्या वर्गाला त्याच दिवशी एक धडा कायमचा मिळेल, आणि तो पुढे कोणत्याही विद्यापीठाला पुसून काढता येणार नाही. त्याने त्या मुलीची वही उचलून वर्गासमोर वाचून दाखविली, तर पुढच्या मृगात विष्णुपुरीच्या आसपासच्या एखाद्या घरी, पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून कोणीतरी दाणे मोजीत बसलेले दिसेल.