स्वागत कवींचे आणि वाचकांचेही

लासलगाव, येवला, चांदवडच्या रस्त्यांवरून कांद्याच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत आलेल्या रसिकहो, समस्त विंचूरकरांच्या वतीने आपले मनापासून स्वागत!

आमच्या बाजार आवारात ट्रॉली उभी राहिली की व्यापारी कांदा हातात घेऊन पारखतो आणि भाव तोंडावर सांगतो. नव्या कवितेच्या वाट्याला मात्र हल्ली अशी पारख येत नाही, नुसत्या टाळ्या येतात. पूर्वी असे नव्हते.

आपल्या नाशिकचेच पाहा. पायांनी अधू असलेले कवी गोविंद पोवाडे रचत आणि मित्रमेळा या क्रांतिकारकांच्या संघटनेतली पोरे ते गात. त्यांच्या कविता बाबाराव सावरकरांनी पुस्तिकेत छापल्या आणि १९०९ साली बाबारावांना जन्मठेप झाली. लिहिले एकाने, अंदमानला गेला छापणारा! मुंबई उच्च न्यायालयात मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी त्या कवितांचा अर्थ लावला. देवांची नि शिवरायांची नावे निमित्तमात्र आहेत, खरा रोख हाती शस्त्र घेऊन सरकार उलथण्यावर आहे, असे त्यांनी निकालात सांगितले. समीक्षकांनी रागावू नये, पण कवितेचा रोख इतका नेमका हेरणारा वाचक आपल्याकडे क्वचितच झाला.

पुढे अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये त्या काळच्या कवींच्या लकबींची विडंबने केली आणि महाराष्ट्र खो खो हसला. मर्ढेकरांना ‘काही कविता’साठी अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावे लागले, त्यातून ते निर्दोष सुटले.

सगळेच वाचक काही कोर्टात खेचणारे नव्हते. आपल्याच निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतला वाढलेल्या कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली आली ती वि. स. खांडेकर नावाच्या एका वाचकामुळे. कविता आवडल्या एवढे कळवून खांडेकर थांबले नाहीत. पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तक काढले, वर प्रस्तावनाही लिहिली. असा एक वाचक भेटला तर कवीला दहा पुरस्कारांची गरज उरत नाही, असे माझे मत आहे. पुरस्कार समित्यांनी क्षमा करावी.

तेव्हा मंडळी, आज कविसंमेलनात कविता पटली नाही तर चहाच्या वेळी कवीला गाठून खुशाल विचारा. आवडली तर मंडपाबाहेरच्या टेबलावरून त्याचे पुस्तक विकत घ्या. फुकट मागू नका.